शिमग्यापासून आखाजीपर्यंत: वसंतातल्या सणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन लागला की घरातल्या जाणत्या माणसांकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. होळी किती वाजता पेटवायची, गुढी कधी उतरवायची, गौर किती दिवस ठेवायची? त्यात आता मोबाईलवर फिरणाऱ्या 'हे करू नका, ते अशुभ' छापाच्या संदेशांची भर पडली आहे. पंचांगात तिथी असते आणि मोजके विधी असतात. बाकीचं बरंचसं घरची नाहीतर गावची रीत असतं. या पानावर शक्य तिथे हे दोन्ही वेगवेगळं सांगितलं आहे.

वसंतातले सण म्हणजे नेमके कोणते?

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण सणांचा वसंत माघातच सुरू होतो. माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे वसंत पंचमीला, पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत विठोबाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर गुलाल उधळतात. पुढे फाल्गुन पौर्णिमेची होळी, धुळवड, रंगपंचमी, चैत्रातला पाडवा, चैत्रगौर, रामनवमी, हनुमान जयंती, आणि वैशाखातली अक्षय तृतीया. इथले प्रश्न मुख्यतः होळी ते अक्षय तृतीया या काळातले आहेत.

पाडवा कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये येतो. असं का?

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून दरवर्षी सण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. हे असंच चालू राहिलं असतं तर पाडवा थंडीत गेला असता, म्हणून मध्ये अधिक महिना येतो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे २०२७ चा पाडवा पुन्हा ७ एप्रिलला.

उत्तरेकडचे शेजारी होळीच्या दुसऱ्या दिवसापासून चैत्र म्हणतात. आपला चैत्र पंधरा दिवस उशिरा कसा?

आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला. होळीनंतरचा पंधरवडा आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य, त्यांच्या पंचांगात चैत्र कृष्ण. आकाशातला चंद्र तोच आणि दिवसही तेच. चैत्र शुद्ध पंधरवड्याचं नाव दोन्हीकडे सारखं असल्यामुळे पाडवा आणि रामनवमी यांत घोळ होत नाही. गोंधळ होतो तो वद्य पक्षातल्या तिथींचा, विशेषतः इंटरनेटवरून व्रताची तारीख उचलली की. मराठी घरात मराठी पंचांग बघावं, एवढंच.

मग सरकारी पत्रावरचा '१ चैत्र' पाडव्याला का नसतो?

ती भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका. १९५७ पासून वापरात असलेली ही दिनदर्शिका सौर आहे. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला. सणाशी तिचा संबंध नाही.

होळी किती वाजता पेटवायची? घरच्या घरी पूजा कशी करायची?

पौर्णिमा असताना, सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळी. त्या वेळी भद्रा, म्हणजे पंचांगातला अशुभ मानलेला काळ, असेल तर ती टाळतात. हे गणित पंचांगकर्त्याने आधीच केलेलं असतं, ते बघून घ्यावं.

अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत जमीन शेणाने सारवा किंवा नुसतं पाणी शिंपडून रांगोळी काढा. मध्ये एरंडाची फांदी उभी करायची, भोवती गोवऱ्या आणि सुकी लाकडं रचायची. विदर्भात मुलं आठवडाभर आधीपासून चाकोल्या थापतात. या मध्ये भोक असलेल्या शेणाच्या चकत्या वाळल्या की सुतळीत ओवून त्यांची माळ होळीला घालतात. हळद-कुंकू, फुलं, साखरगाठी वाहून होळी पेटवायची, पाण्याची धार धरत प्रदक्षिणा घालायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, नारळ अर्पण करायचा. मग तोंडावर हात मारून बोंब.

नैवेद्याची पोळी आख्खी आगीत टाकलीच पाहिजे असं नाही, घासभर पुरतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'होळी लहान, पोळी दान' ही मोहीम बरीच वर्षं चालवली. पुष्कळ वस्त्यांमध्ये आता होळीशेजारी पोळ्या गोळा करायला टोपली ठेवलेली दिसते. श्रद्धाळू माणसालाही यात खटकण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होळीच्या धगीवर पाणी तापवून अंघोळ करायची आणि राख कपाळाला लावायची, ही जुन्या घरांतली रीत.

होळीसाठी झाड तोडलं तर चालतं का?

शहरात तर नाहीच. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, मग निमित्त कुठलंही असो. वाळलेल्या फांद्या आणि गोवऱ्यांवर होळी उत्तम होते. एरंडाची फांदी मात्र लागते, आणि तो उकिरड्याशेजारी आपोआप उगवणारा असल्यामुळे त्याची कुणाला हळहळ नसते.

बोंब मारणं, शिव्या देणं हे खरंच शास्त्रात आहे?

आहे, पण मर्यादेत. होलिका आणि प्रल्हादाची कथा सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी कथा भविष्य पुराणातली, ढुंढा नावाच्या राक्षसिणीची. ती लहान मुलांना छळायची. तिला पळवून लावायला लोकांनी अग्नी पेटवावा, हसावं, गावं, मनाला येईल ते निःशंक बोलावं असा उपाय सांगितला आहे. बोंबेला धर्मग्रंथांतला आधार तो हा. त्या शिव्या राक्षसिणीसाठी असतात. समोरच्या इमारतीतल्या माणसाचं नाव घेऊन ओरडण्याला कुठल्याच पुराणाचा पाठिंबा नाही.

कोकणातला शिमगा एवढा वेगळा का?

कारण तिथे तो गावच्या देवाचा सण आहे. देशावर होळी एका संध्याकाळी आटोपते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीच्या आसपास सुरू होतो आणि कित्येक गावांत पौर्णिमेनंतरही आठवडाभर चालतो. एरवी वर्षभर आपण देवाच्या दर्शनाला जातो. शिमग्यात ग्रामदेवता रूपं, म्हणजे धातूचे मुखवटे, लावून पालखीत बसते आणि घरोघर येते. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो तसा शिमग्याला रजा टाकून येतो तो याचसाठी. पालखी दारात आली तेव्हा घर बंद असणं त्याला सहन होत नाही.

होळीसाठी आंबा, पोफळ, माड, शेवर यांपैकी गावच्या रिवाजाप्रमाणे एक झाड ठरवून तोडतात आणि वाजतगाजत खांद्यावरून आणून उभं करतात. कोणत्या वाडीने कुठला खांदा द्यायचा हे मान ठरलेले असतात आणि त्यावरून भांडणंही होतात. पालखी घरी आली की सुवासिनी आणि माहेरवाशिणी देवीची ओटी भरतात. मग गाऱ्हाणं. गुरव किंवा गावचा मानकरी उभा राहून घरातल्यांची नावं घेत मागणं मागतो: पोराला नोकरी लागू दे, अमक्याच्या पायाचं दुखणं जाऊ दे. प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' असा होकार भरतात. घराची वर्षभराची काळजी चारचौघांत मोठ्याने बोलून दाखवायची ही सोय दुसऱ्या कुठल्या सणात नाही. काही गावांत जमिनीत पुरून ठेवलेला नारळ पालखी नाचवत नाचवत शोधून काढतात, त्याला खुणा काढणं म्हणतात.

याच दिवसांत नमन-खेळे, म्हणजे गाणी-सोंगं करणारे गावचे लोककलावंत, दारोदार फिरतात. गुहागर-चिपळूणकडे संकासुर येतो. काळा अंगरखा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. मुलं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे पळत सुटतात. गोव्यात हाच शिगमो. धाकटो आणि व्हडलो असे त्याचे दोन भाग, आणि त्यात रोमटामेळ (ढोल-ताशांची नाचती मिरवणूक), घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच), जांबावली गावचा गुलालोत्सव. पणजी-मडगावच्या रस्त्यांवरची चित्ररथांची मिरवणूक प्रसिद्ध आहे खरी, पण शिगमो बघायचा तर गावच्या मांडावर, म्हणजे खेळ-नाचाच्या ठरलेल्या जागी, जावं.

रंग धुळवडीला खेळायचा की रंगपंचमीला?

गावाप्रमाणे. धुळवड म्हणजे फाल्गुन वद्य प्रतिपदा, रंगपंचमी त्यानंतर चार दिवसांनी. मुंबई आणि विदर्भात धुळवडीलाच रंग उरकतो. नाशिकमध्ये रंगपंचमीचाच मान. जुन्या नाशकात रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याखाली दगडी बांधणीचा हौद, पेशवेकाळापासूनचा सांगतात. वर्षभर तो बुजवलेला असतो. रंगपंचमीला उघडून पूजा करतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि माणसं त्यात उड्या मारतात. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा या रहाडी नावाजलेल्या. प्रत्येकीचा रंग ठरलेला असतो. मराठी राजवटीमुळे ही पंचमी इंदुरातही पक्की रुजली. राजवाड्यापाशी निघणारी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला लाखभर माणूस सहज लोटतो.

धुळवडीचा एक विधी मात्र जवळजवळ विसरला गेला आहे. या दिवशी पंचांगात 'वसंतोत्सवारंभ' आणि 'आम्रकुसुमप्राशन' असं छापलेलं असतं. आंब्याचा ताजा मोहर चंदनात मिसळून घोटभर घ्यायचा. मोहर तुरट आणि किंचित झोंबरा लागतो. ऋतू बदलल्याचं जिभेला कळवणारा इतका नेमका विधी मागे पडला आणि पाण्याचे फुगे टिकले, याचं वाईट वाटतं.

पळसाचा रंग घरी कसा करायचा?

शिमग्याच्या सुमाराला पळस पूर्ण फुललेला असतो. झाडावरची ओरबाडू नका, खाली सडा पडलेला असतो तो वेचा. फुलाच्या देठाशी काळपट मखमली टोपी असते, ती काढून टाका. राहिलेल्या केशरी पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, किंवा घाई असेल तर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून गाळून घ्यायच्या. भिजवलेल्याचा रंग पिवळसर येतो, उकळलेल्याचा जास्त केशरी. चुन्याची निवळी चमचाभर घातली की रंग डोळ्यांदेखत गडद होतो, पण मग तो चेहऱ्यावर टाकू नये. फुलं सावलीत वाळवून डब्यात ठेवली तर पुढच्या वर्षीही चालतात. पांढऱ्या सुती कपड्यावरचा डाग पहिल्या धुण्यात जात नाही, तेव्हा नवा सदरा घालून खेळू नका.

फाल्गुन वद्यात आणखी काय येतं?

द्वितीयेला तुकाराम बीज. देहूत दुपारी बाराला नांदुरकीच्या झाडापाशी फुलं उधळतात. षष्ठीला पैठणला नाथषष्ठी. वारकऱ्यांसाठी हा पंधरवडा रंगाचा कमी आणि कीर्तनाचा जास्त.

गुढी कशी उभारायची? काय काय लागतं?

वेळूची काठी, स्वच्छ धुऊन तेल लावलेली. टोकाला नवं किंवा धुतलेलं जरीचं वस्त्र, खण किंवा साडी निऱ्या घालून. कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, झेंडूचा हार, साखरगाठी. या सगळ्यावर तांब्याचा किंवा चांदीचा तांब्या पालथा. सूर्योदयानंतर लवकर उभारतात. जागा दारात किंवा गच्चीत, आतून बाहेर पाहताना उजव्या हाताला. पाट, रांगोळी, हळद-कुंकू, अक्षता, फुलं. पूजेचा श्लोक एकच:

ब्रह्मध्वज नमस्तेऽस्तु सर्वाभीष्टफलप्रद ।
प्राप्तेऽस्मिन् वत्सरे नित्यं मद्गृहे मंगलं कुरु ॥

नंतर नव्या पंचांगाची पूजा आणि वर्षफल वाचन. नैवेद्याला हल्ली श्रीखंड-पुरी, पुष्कळ घरांत अजून पुरणपोळी. सूर्यास्ताआधी हळद-कुंकू वाहून, गूळ-धन्यांचा नैवेद्य दाखवून गुढी उतरवायची.

तांब्या उलटा ठेवणं अशुभ, असा एक संदेश दरवर्षी फिरतो. काठीच्या टोकावर बसवायचा तर तो पालथाच बसणार. सुलटा बसवून दाखवावा कुणी! फ्लॅटच्या खिडकीत हातभर उंचीची गुढी चालते का? चालते. साडी नवीच हवी का? नाही. ऑफिसला जायचं म्हणून दुपारीच उतरवली तर? हरकत नाही, फक्त ती रात्रभर बाहेर विसरू नका. प्रतिपदेचा क्षय झालेल्या, म्हणजे ती कुठल्याच सूर्योदयाला न सापडलेल्या, वर्षी घोळ होतो, तेव्हा पंचांगात 'गुढीपाडवा' जिथे छापला आहे तो दिवस धरा.

गुढी उभारणं संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झालं, हे खरं आहे का?

नाही. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी, पाडव्याच्या तोंडावर झाली. या दोन तारखा जवळ आल्यामुळे हा दावा पसरतो. पण गुढी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. शके १२१२, म्हणजे १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत चौथ्या अध्यायात 'सज्जनांकरवी गुढी । सुखाची उभवी' असं येतं, आणि चोखोबांच्या अभंगात 'टाळी वाजवावी गुढी उभारावी' आहे. चारशे वर्षं आधीच्या वारकऱ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट १६८९ नंतर कुणी सुरू केली असं म्हणता येत नाही. या ओव्या-अभंगांत आनंदाची खूण म्हणून गुढी उभारण्याचा उल्लेख आहे, पाडव्याच्या तिथीचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. शंभूराजांच्या स्मृतीसाठी कुणी त्या दिवसांत शोक पाळत असेल तर तो त्याचा अधिकार. त्यासाठी इतिहास वाकवायची गरज नाही.

कडुनिंबाची चटणी मुलं खात नाहीत. काही उपाय?

कोवळी पानं घ्या, पोपटी-तांबूस असतात ती. जून पानांचा कडूपणा मोठ्यांनाही झेपत नाही. सहा-सात पानं, चमचाभर भिजवलेली हरभरा डाळ, गूळ, चिंचेचा कोळ, ओवा, जिरं, मिरी, चिमूटभर हिंग आणि मीठ. भरडसर वाटा. फुलं मिळाली तर पानांऐवजी ती घाला, कडूपणा सौम्य होतो. सुपारीएवढी गोळी पुरे. एका दिवसाच्या गोळीने वर्षभर आजार होत नाही वगैरे दाव्यांच्या मागे लागू नका.

साखरगाठी कशा बनतात?

साखरेचा पाक उकळताना त्यात थोडं दूध घालून मळी काढतात, म्हणून गाठी पांढरीशुभ्र दिसते. लाकडी साचे दोन भागांचे असतात. भाग एकमेकांवर बसवताना मधून दोरा जातो, मग वरून पाक ओततात. काही मिनिटांत पाक धरतो, साचा उघडला की एका दोऱ्यात ओवलेली पदकं बाहेर पडतात. होळीच्या आधी पंधरवडाभर कारागिरांच्या भट्ट्या चालू असतात, कारण पश्चिम महाराष्ट्रात होळीलाही मुलांच्या गळ्यात गाठी घालतात. गुलाबी-पिवळ्या गाठीत खायचा रंग असतो, पांढरी बरी. पाडव्यानंतर उरलेली गाठी पन्ह्यात किंवा चहात संपवा.

चैत्रगौर किती दिवस ठेवायची?

चैत्र शुद्ध तृतीयेला बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर माहेरपण उपभोगते. भाद्रपदातल्या गौरीसारखे मुखवटे-साड्या यात नसतात. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णाच घासूनपुसून छोट्या पितळी झोपाळ्यात ठेवायची. रोज हळद-कुंकू, फूल आणि एक झोका.

दारात चैत्रांगण काढतात. गेरूने सारवलेल्या चौकोनावर पांढऱ्या रांगोळीची रेघ. वर मधोमध झोपाळ्यातली गौर, भोवती सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, त्रिशूळ, स्वस्तिक, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, मोर, आंबा, फणी-करंडा. कुणी ५१ चिन्हं म्हणतं, कुणी कमी. जागा पुरेल तेवढी काढावीत. तयार छापे मिळतात, पण चैत्रांगणाची मजा वाकड्या हत्तीत आहे.

महिन्यातल्या सोयीच्या एका दिवशी हळदीकुंकू. मंगळवार-शुक्रवारच हवा असं नाही. आलेल्या बायकांची भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, हातावर अत्तर, वर गुलाबपाणी, आणि खायला आंबेडाळ नि पन्हं. गौरीपुढे कलिंगड-टरबुजाची कमळं कोरून आरास करतात.

आंबेडाळ बिघडते ती वाटण्यात. हरभरा डाळ चार-पाच तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटायची. कणी दाताखाली यायला हवी. त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, ओलं खोबरं, मीठ, साखर, कोथिंबीर, आणि मोहरी-हिंग-हळदीची फोडणी गार करून वरून. कैरी किती? डाळीच्या निम्मी धरून चाखत वाढवा, कारण हापूसची कैरी आणि रायवळची कैरी यांचा आंबटपणा सारखा नसतो. उन्हाळ्यात ही डाळ दुपारची संध्याकाळी आंबूस लागते. बेताचीच करा.

हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलवावं का?

बोलवावं. गौर ही माहेरी आलेली लेक आहे, आणि माहेरी येणारीचं सौभाग्य कुणी तपासत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. घरातल्या ज्येष्ठ बाईने पहिलं कुंकू लावलं की बाकीच्यांचा संकोच जातो. मात्र जिला स्वतःला नको असेल तिच्यावर जबरदस्ती नको. तिला फूल द्या आणि आंबेडाळ वाढा.

रामनवमीला जन्म बाराचाच का? आणि हनुमान जयंतीला पहाटे का?

राम माध्यान्ही जन्मला, मारुती सूर्योदयाला, अशी परंपरा. म्हणून रामाचं कीर्तन दहा-साडेदहाला सुरू होऊन बाराला पाळणा हलतो, गुलाल पडतो आणि हातावर सुंठवडा येतो. मारुतीचं कीर्तन काळोखात सुरू होतं आणि सूर्य वर येताना जन्म होतो. मारुतीला तेल, शेंदूर, रुईच्या पानांची माळ. तमिळनाडूत हनुमान जयंती मार्गशीर्षात असते, तेव्हा तिकडच्या मित्राला चैत्रात शुभेच्छा पाठवल्या तर तो गोंधळेल.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा रथ रामनवमीला नाही, त्यानंतरच्या कामदा एकादशीला निघतो. याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षांहून जास्त काळ चालला. रामनवमीची माहिती देताना हे गाळून चालत नाही. दर्शन सर्वांना आपोआप मिळालेलं नाही.

चैत्रातल्या जत्रांपैकी कुठे जावं?

गर्दी सोसत असेल तर चैत्र पौर्णिमेला जोतिबाला. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचतात आणि सगळा डोंगर गुलालाने गुलाबी होतो. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'च्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाची हळद पंचमीला, लग्न अष्टमीला, आणि द्वादशीला मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून कावडी वर नेतात, माणसांची साखळी करून. सप्तशृंगगडावर रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव असतो आणि खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. कार्ल्याच्या एकवीरेला कोळी-आगरी समाजाच्या पालख्या येतात. कुठेही जा, पाणी आणि टोपी घेऊन जा.

अक्षय तृतीया म्हणजे सोनं खरेदी, एवढंच का?

ती दुकानांच्या जाहिरातींतली झाली. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून खरेदी पूर्वीही होत असे. पण घरोघरची अक्षय तृतीया पितरांची आणि पाण्याची. वैशाखाच्या उन्हात पाण्याने भरलेला घडा दान द्यायचा, त्याला उदककुंभ म्हणतात. सोबत पंखा, छत्री, चपला, फळं. कुणाला हे ब्राह्मणालाच द्यायचं असतं. नाक्यावर उन्हात काम करणाऱ्याला दिलं तरी दान तेच.

खानदेशात हीच आखाजी, आणि तिथे ती दिवाळीच्या तोडीची. घरात नवी मातीची घागर भरून तिच्यावर छोटं भांडं ठेवतात, वर आंबे, आणि पितरांच्या नावाने पूजा. जेवणात आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, सालही तिकडे आखाजीला ठरतं, मराठवाड्यात ते पाडव्याला.

परदेशात तारीख एक दिवस मागेपुढे होते. कोणती धरायची?

तिथी स्थानिक सूर्योदयावर ठरते, म्हणून न्यू जर्सीचा पाडवा कधी पुण्याच्या आदल्या तारखेला पडू शकतो. तिथल्या शहरासाठी काढलेलं पंचांग मिळालं तर ते धरावं. नाही मिळालं तर भारतातली तारीख धरली तरी पूजा बाद होत नाही. कडुनिंब न मिळाल्यास तिथल्या भारतीय किराणा दुकानात सुकी पानं असतात. घरात धूर चालत नसेल तर होळीसाठी एक निरांजन पुरे.

घरात सुतक असेल किंवा वर्षभरात कुणी गेलं असेल तर?

सुतक चालू असताना देवपूजा होत नाही, तेव्हा गुढीही नाही. दहा दिवसांनी सुतक फिटलं की शास्त्राची आडकाठी संपते. वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नको, गोडधोड नको, ही रीत आहे, बंधन नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि ठरवताना गेलेल्या माणसाच्या सर्वांत जवळच्याला आधी विचारावं. पुष्कळजण पहिल्या वर्षी गुढी उभारतात, पूजा करतात, फक्त श्रीखंड आणत नाहीत. चैत्रगौर राहून गेली तर पुढच्या चैत्रात पुन्हा बसवता येते, एक वर्ष चुकलं म्हणून मोडत नाही. आखाजीची घागर मात्र अशा वर्षी आवर्जून भरतात, आणि खानदेशात त्या घागरीच्या पूजेला भावकीतली माणसं न बोलावता येतात.